गिअरबॉक्सच्या ड्रेन प्लगचे आटे गेले तेव्हा: एका गाडीचं प्रकरण

जूनचा दुसरा आठवडा होता. शाळा सुरू व्हायला पाच दिवस उरले होते आणि मॅडमची गाडी गॅरेजात आली ती गिअरबॉक्सखाली रंगाचा रिकामा डबा बांधून. डबा तारेनं नीट ताणून बांधलेला, तळाशी दोन बोटं काळं तेल. "पार्किंगच्या फरशीवर डाग पडायला लागले, शेजारी बोलायला लागले, म्हणून मीच बांधला," त्या म्हणाल्या. "दोन ठिकाणी दाखवलं. दोघंही म्हणाले, गिअरबॉक्सच बदलावा लागेल. तुम्ही बघा आणि खरं काय ते सांगा."

मॅडम जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. घर फुलेवाडीत, शाळा साळवणच्या पुढे. येऊन-जाऊन रोजचे ऐंशी किलोमीटर तरी होतात आणि तेही गगनबावड्याच्या पावसात. पंचगंगेला पूर आला की तो रस्ता बंद पडतो. त्याआधी गाडी धड असायला हवी, एवढंच त्यांचं मागणं होतं. गाडी पाच गिअरची पेट्रोल हॅचबॅक, पुढच्या चाकांवर चालणारी, ९६ हजार किलोमीटर झालेली.

हे काम मी सविस्तर लिहितोय, कारण अशा गाड्या पावसाळ्याच्या तोंडाला दरवर्षी येतात आणि बहुतेकांना एक तर गिअरबॉक्स बदलायचा सल्ला मिळतो, नाही तर भोकात लांबी (पुट्टी) भरून मिळते. दोन्हीमागे एकच गैरसमज आहे: आटेच तेल अडवतात, असं लोक समजतात. आटे तेल अडवत नाहीत. आट्यांचं काम प्लगला खेचून धरायचं. तेल अडवतो तो प्लगच्या डोक्याखालचा वायसर, म्हणजे वॉशरची चकती, आणि तो वायसर ज्यावर बसतो ती कास्टिंगची सपाट कड. या गाडीचं बिघडलं ते यामुळेच आणि दुरुस्ती कोणती करायची हेही शेवटी यावरच ठरलं.

गाडी लिफ्टवर घेतली आणि खालच्या, तेल सोडायच्या ड्रेन प्लगला हात लावायच्या आधी वरचा, तेल भरायचा प्लग सैल करून पाहिला. हा क्रम कधीच चुकवू नये. खालून तेल सोडून दिलं आणि वरचा प्लग उघडलाच नाही, तर गाडी तिथंच अडकते; ना तेल भरता येतं, ना गाडी हलवता येते. आमचा वरचा प्लग घट्ट होता, पण हॉट गननं दहा मिनिटं शेकल्यावर सुटला.

मग खालचा. त्याच्याभोवती करड्या एपॉक्सीच्या लांबीचा गोळा होता. तो खरवडला तर आत पांढरी टेफ्लॉन टेप, तीही पाच-सहा वेढे. प्लगचं षटकोनी डोकं गोल झालेलं, एका बाजूला छिन्नीचे घाव. पकडीनं धरून फिरवला तर तो गोल गोल फिरत राहिला, बाहेर येईना. दोन स्क्रूड्रायव्हर डोक्याखाली घालून अलगद ओढत फिरवला तेव्हा निघाला. अंगावर ॲल्युमिनियमची गुंडाळी घेऊन आला. गिअरबॉक्सचे आटे अख्खेच्या अख्खे कापून त्या प्लगच्या आट्यांत स्प्रिंगसारखे बसले होते. माझ्याकडचा आयटीआयचा पोरगा ती गुंडाळी बोटावर घेऊन बघत राहिला. "दादा, हे तर आपोआप टॅप मारल्यासारखं निघालंय," म्हणाला. टॅप म्हणजे भोकात आटे पाडायचं अवजार. बरोबर होतं त्याचं. पोलादी प्लग आणि ॲल्युमिनियमचं भोक यांची झुंज लावली की हरणार कोण, हे ठरलेलं असतं.

तेल मोजलं. या गिअरबॉक्समध्ये २.२ लिटर बसतं. बाहेर आलं ते ९०० मिली, डब्यातलं धरूनसुद्धा लिटरभर नाही. मॅडम म्हणत होत्या की पाचव्या गिअरला गाडी बारीक आवाज करते. अशा बऱ्याच गिअरबॉक्सांत पाचव्या गिअरची जोडी मुख्य हाउसिंगच्या टोकाला, वेगळ्या झाकणाखाली असते. तेल कमी झालं की उपाशी राहायची पहिली पाळी तिचीच. तो आवाज मी डोक्यात नोंदवून ठेवला.

आता हे झालं कसं? मॅडमनी जुनी बिलं जपून ठेवली होती, त्यावरून आणि प्लगवरच्या खुणांवरून गोष्ट जुळत गेली. दोन वर्षांपूर्वी तेल बदललं तेव्हा जुनाच वायसर परत लावला गेला असणार. प्लगवर मिळाला तो चपटा होऊन कागदासारखा झालेला होता. ॲल्युमिनियमचा वायसर एकदाच दबण्यासाठी असतो. पहिल्या आवळणीत तो मऊपणानं चेपतो आणि कडेच्या बारीक खाचा भरून काढतो. दुसऱ्यांदा लावला तर चेपायला त्यात काही उरलेलं नसतं. थेंब गळू लागला. थेंब दिसला की माणूस आवळतो. पुन्हा गळला, पुन्हा आवळलं. कुणी तरी टेप गुंडाळली, तिच्या गुळगुळीतपणामुळे तेवढ्याच जोरात प्लग आणखी खेचला गेला. कुणी तरी पान्यात पाइप घातला.

पाइपाचा हिशेब एकदा करून बघावा. साधारण फूटभर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा किलोचा जोर दिला की ३० न्यूटन-मीटर पीळ होतो. अशा प्लगला तेवढं पुरतं. त्याच पान्याला मीटरभराचा पाइप जोडून तीस किलोचा जोर टाकला की आकडा ३०० च्या घरात जातो. हातानं दिलेला जोर तिप्पटच असतो. भोकाच्या आट्यांना मात्र दहापट ओढ बसलेली असते आणि त्यातही पहिले तीन-चार आटेच बहुतेक भार घेतात. ते कापले की पुढच्यांवर येतं, ते कापले की त्यांच्या पुढच्यांवर. ज्या कारागिरांनी हे केलं त्यांच्याबद्दल मला राग नाही. गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं आणि गळती थांबलेली दिसावी लागते. पण वीस रुपयांचा वायसर दुकानातून आणायला दहा मिनिटं काढली असती, तर पुढचं काहीच झालं नसतं.

काय करायचं, हे ठरवताना

प्लग एम १८, दीडच्या पिचचा; म्हणजे आट्यांचा व्यास १८ मिलिमीटर आणि दोन आट्यांतलं अंतर दीड. भोकाभोवतीचा कास्टिंगचा उंचवटा, ज्याला आम्ही बॉस म्हणतो, व्हर्नियरनं मोजला: बाहेरून ३० मिलिमीटर, खोली २१. म्हणजे मूळ भोकाभोवती सहा मिलिमीटरची भिंत. वेल्डिंगचा विचार मी लगेच सोडला. तेलात वर्षानुवर्षं मुरलेल्या डायकास्टिंगवर, म्हणजे साच्यात दाबानं ओतलेल्या धातूवर, आर्गॉन वेल्डिंगचा टाका नीट बसत नाही. आतलं तेल आणि वायू उकळून वर येतात आणि टाका पोळ्यासारखा सच्छिद्र होतो. वर बाजूलाच बेअरिंगची बैठक. उष्णतेनं ती ताणली तर खरोखरच गिअरबॉक्स बदलावा लागेल.

माझ्या मनात सरळ उपाय होता: एम २० चा मोठा प्लग. साडेअठराचं ड्रिल, वीस-दीडचा टॅप, नवा प्लग लेथवर. संध्याकाळपर्यंत गाडी रस्त्यावर. तेच सांगायला मी उद्यमनगरात गेलो. तिथले एक मिस्त्री माझ्या वडिलांच्या वेळेपासून आमची लेथची कामं करतात. तरुणपणी शिरोलीच्या एका फाउंड्रीत होते, त्यामुळे कास्टिंगकडे बघायची त्यांची नजर वेगळी आहे. मोबाइलवरचा फोटो मोठा करून त्यांनी बराच वेळ पाहिला.

"वीसचा प्लग करून देतो की," ते म्हणाले. "पण आटे परत ॲल्युमिनियमातच पडणार न्हवं? म्होरच्या खेपेला कोन तर पाइप घालून आवळील. मग काय करशील? भिंतच ऱ्हाणार न्हाई. आन् ह्ये डायकास्टिंग हाय. वरची कातडी घट्ट, आत बारीक भोकं. जेवढं खोल खाशील तेवढी भोकं उघडी पडत्यात."

त्यांचं हे शेवटचं वाक्य मी कधी विसरणार नाही. दाबानं ओतलेल्या ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग साच्याला टेकून झटकन थिजतो, म्हणून दाट असतो. आतल्या भागात अडकलेल्या वायूची बारीक छिद्रं राहतात. भोक मोठं करत गेलं की ती छिद्रं एकमेकांना जोडून तेलाला आट्यांच्या मागून वाट मिळू शकते.

दुसरा पर्याय हेलिकॉइल. ही स्टेनलेस स्टीलची शंकरपाळीच्या आकाराच्या छेदाची तार असते, स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. भोकात तिच्यासाठी खास टॅप मारायचा, तार फिरवत आत बसवायची, की तिच्या पोटात मूळ मापाचे आटे तयार. एम १८ दीडसाठीच्या या खास टॅपचा बाहेरचा व्यास भरतो १९.९५ मिलिमीटर. म्हणजे कास्टिंगमधून माल काढायचा तो एम २० च्या प्लगइतकाच! हे आकडे मी कागदावर शेजारी-शेजारी लिहिले तेव्हा निर्णय झाला. भिंत दोन्हीकडे पाचच मिलिमीटर उरणार. पण हेलिकॉइलमध्ये पुढच्या प्रत्येक उघडझापेला पोलाद पोलादावर घासणार, मूळ मापाचा प्लग लागणार आणि मूळ मापाचा वायसर कुठल्याही दुकानात मिळणार. आतून-बाहेरून आटे असलेल्या जाड पोलादी बुशचाही (नळीचाही) विचार झाला, पण तो एम २२ च्या खाली करण्यात अर्थ नव्हता आणि मग भिंत चारवर येत होती. तेवढी जोखीम मला नको होती.

अडचण होती ती कडेची. वायसर बाहेरून २४ मिलिमीटर. भोक आता वीसचं होणार, म्हणजे वायसर टेकायला चारी बाजूंनी फक्त दोन मिलिमीटरची पट्टी. तेल अडवायचं ते त्या दोन मिलिमीटरवर. आणि त्या पट्टीवर छिन्नीचे दोन घाव होते.

एम १८ दीडचा हेलिकॉइल सेट गावात सहजी मिळत नाही. पण हेच माप गाड्यांच्या ऑक्सिजन सेन्सरचं असतं, सायलेन्सरच्या नळीत बसतो तो. सायलेन्सरची कामं करणाऱ्या एका दोस्ताकडे विचारलं, त्याच्याकडे सेट निघाला. त्यातलं अठरा मिलिमीटर लांबीचं इन्सर्ट, म्हणजे ती गुंडाळलेली तार, आमच्या एकवीसच्या खोलीत व्यवस्थित मावत होतं.

प्रत्यक्ष काम

टॅप तिरका गेला तर सगळं व्यर्थ. प्लगचं डोकं एका बाजूनं टेकणार, वायसर एका बाजूनं उघडा राहणार. लिफ्टखाली मान वर करून हातानं वीसचा टॅप सरळ सुरू होईल, यावर मी विसंबणार नव्हतो. मिस्त्रींनी पाऊण तासात एक कडं करून दिलं: बॉसवर बाहेरून बसणारं, तीन ग्रब (बिनडोक्याच्या) स्क्रूंनी धरणारं आणि मध्ये बदलता येणारे दोन बुश, एक साडेअठराच्या ड्रिलसाठी, दुसरा टॅप जेमतेम सरकेल एवढा. कड्याचं तोंड आणि बुशचं भोक एकाच बांधणीत खरडलं, त्यामुळे काटकोन चुकायचा प्रश्न नव्हता.

ड्रिल मशीन लावलं नाही. आधीचं भोक असलेल्या ॲल्युमिनियममध्ये मोठं ड्रिल मशीननं घातलं की ते दात रोवून आत ओढलं जातं. ड्रिलच्या दोन्ही धारांवर तेलदगडानं अगदी बारीक सपाटी आणली, म्हणजे ते खोदत नाही, खरवडतं. मग टॅपच्या दांड्यानं हातानंच फिरवलं. काढायचा माल फारसा नव्हताच. फाटलेल्या आट्यांचे अवशेष आणि थोडी भिंत.

या कामात माझी सगळी काळजी एकाच गोष्टीची होती: बुरादा. प्लगला चुंबक असतं, ते लोखंडाचा कीस धरतं. ॲल्युमिनियमचा कण चुंबकाला दाद देत नाही. असा एक कण बेअरिंगमध्ये गेला, तर दुरुस्ती करून आपणच गिअरबॉक्सचं आयुष्य कमी केल्यासारखं. या गाडीत भोकाचं तोंड सरळ खाली होतं, हे नशीब. टॅपच्या खाचांत घट्ट ग्रीस भरलं, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, दोन फेरे झाले की टॅप पूर्ण बाहेर, ग्रीस पुसून नवं. ग्रीसमध्ये बुरादा अडकून चंदेरी चिखलासारखा बाहेर येत होता. शेवटचे चार फेरे उरले तेव्हा पोराला वरच्या भोकातून पातळ धारेनं गिअर ऑइल सोडायला सांगितलं, म्हणजे टॅपचं टोक आत उघडेल तेव्हा प्रवाह आतून बाहेर असेल. तेल माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत येत होतं, पण धार थांबवू दिली नाही.

टॅप झाल्यावर मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा आत घातला. आटे स्वच्छ, चकचकीत. एका ठिकाणी, तिसऱ्या-चौथ्या आट्यात, टाचणीच्या टोकाएवढी दोन छिद्रं उघडी पडलेली. मिस्त्री म्हणाले होते तेच. म्हणून इन्सर्टच्या बाहेरून हवाबंद जागेत घट्ट होणारं सीलंट लावायचं ठरवलं. हे सीलंट आट्यांतल्या फटी भरतं, पण भोक तेलकट असेल तर काही उपयोग नाही. ब्रेक क्लीनरनं आटे तीनदा धुतले, पांढऱ्या कापडाला डाग येईनासा झाला तेव्हा थांबलो.

सीलंटच्या आधी कड. मिस्त्रींनी भोकात बसणारी खुंटी असलेली एक गोल चकती करून दिली होती; तिच्या तोंडाला बारीक एमरी चिकटवून हातानं फिरवली. एक घाव पूर्ण गेला, दुसरा खोल होता. त्याच्यासाठी किती घासायचं हा प्रश्न होता, कारण घासताना कड खाली जाते. शेवटी पाव मिलिमीटर घासल्यावर नखाला खाच लागेना, तिथं हात थांबवला.

इन्सर्ट फिरवत बसवलं ते कडेपासून पाऊण मिलिमीटर आत राहील असं. वर आलं असतं तर वायसर त्याच्यावर टेकला असता, कास्टिंगवर नाही. तारेच्या टोकाला एक आडवी शेपटी असते, बसवायच्या अवजारानं धरायला. लहान मापात ती ठोकून तोडतात. या मापात लांब चोचीच्या पकडीनं धरून वर-खाली वाकवून तोडावी. ठोकली आणि आत पडली तर स्टेनलेसची तार चुंबकाला धड चिकटत नाही. तुटली तेव्हा पकडीतच होती. ती कागदावर ठेवली, पोराला दाखवली, मगच पुढे गेलो.

सीलंटला एक रात्र दिली. सकाळी धुलाई: लिटरभर साधं गिअर ऑइल ओतून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून चाकं हातानं फिरवून ते सोडलं. इनॅमलच्या पांढऱ्या ट्रेवर सुती कापड ताणून त्यातून गाळलं. पहिल्या वेळी सात कण, दुसऱ्या वेळी एक, तिसऱ्या वेळी एकही नाही. रॉकेल किंवा पेट्रोलनं धुवायचा मोह काहींना होतो. त्यानं बेअरिंगवरचा तेलाचा पडदाही धुऊन जातो आणि ते कोपऱ्यात साचून नव्या तेलात मिसळतं.

नवा चुंबकवाला प्लग, नवा ॲल्युमिनियमचा वायसर, टेप नाही, आट्यांना काही लावलं नाही. टॉर्क पान्यानं ३० न्यूटन-मीटर. तेल ७५ डब्ल्यू ८० जाडीचं, जीएल-४ प्रतीचं, गाडी समपातळीवर ठेवून वरच्या भोकातून थेंब ओघळेपर्यंत. दुकानदार जीएल-५ देत होता, 'वरचं आहे' म्हणून. त्यातली गंधक-फॉस्फरसची मात्रा जास्त असते आणि या गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो कड्यांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या) ती मानवत नाही.

चाचणी आणि एक ओली रेघ

बॉसभोवती टाल्कम पावडर फासली आणि गाडी जोतिबाच्या डोंगरावर नेऊन आणली, चढाला तेल चांगलं तापेल म्हणून. परत येऊन लिफ्टवर घेतली तर पावडरीत ओली रेघ. पोटात गोळा आला. पण बॅटरी लावून नीट बघितलं तर प्लगच्या कडेची पावडर कोरडी होती; रेघ वरून, डाव्या ड्राइव्ह शाफ्टकडून, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याकडून, खाली आली होती. शाफ्टचं ऑइल सील कडक होऊन तडकलेलं. आधी सगळंच तेलकट असल्यानं ते ओळखू आलं नव्हतं. पावडर लावली नसती तर मी नव्या इन्सर्टवर संशय घेऊन तेच पुन्हा उकरलं असतं. सील बदललं, तेल पुन्हा पुरवलं, दुसऱ्या फेरीत सगळं कोरडं.

पाचव्या गिअरचा आवाज पुष्कळ कमी झाला, पूर्ण गेला नाही. मॅडमना तसं स्पष्ट सांगितलं: कमी तेलावर चाललेल्या दिवसांत तिथलं बेअरिंग थोडं खाल्लं गेलंय, आवाज वाढत गेला तर ते उघडावं लागेल, सध्या घाई नाही. बिल सील, तेल आणि लेथकामासकट गिअरबॉक्स बदलण्याच्या खर्चाच्या दहाव्या हिश्शातही गेलं नाही. शाळा सुरू झाली त्या दिवशी गाडी साळवणच्या वाटेवर होती.

श्रावणात त्या ठरल्याप्रमाणे तपासणीला आल्या. दोन महिन्यांत साडेतीन हजारांच्या वर किलोमीटर झाले होते, बहुतेक पावसातले. प्लग कोरडा, तेलाची पातळी जिथल्या तिथं. ज्या रंगाच्या डब्यात तेल साचत होतं तो त्यांनी धुऊन त्यात तुळस लावली होती, गाडीत ठेवून दाखवायला आणली होती.

जाताना पोरानं आपणहून एक काम केलं. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर पंचानं अक्षरं ठोकली आणि ती पट्टी तारेनं वरच्या प्लगजवळच्या ब्रॅकेटला बांधली: 'एम १८ × १.५, स्टील इन्सर्ट. वायसर नवा. ३० न्यूटन-मीटर.'